बर्फाचा डबा घेऊन पद्माक्कांच्या गावाला

पद्माक्का पाटील यांनी मला दोन दिवस जेवू घातलं, माझा बर्फ वितळू दिला नाही, आणि माझ्या तोंडून गेलेल्या एका वाक्याची शिक्षा स्वतः वर्षभर भोगली. हे आधी लिहून टाकतो. पुढचं वाचताना कुणाला हसू आलं, कुणाला माझा राग आला, तरी या बाईचे उपकार ध्यानात ठेवून वाचावं. त्यांच्याखालोखाल कांबळे डॉक्टर. त्यांनी माझी रोजंदारी वाचवली. मी नुसता डबा वाहिला.

आमच्या गावात बेळगाव पाहिलेला मी एकटाच. पारावर बसलं की कुणीतरी म्हणतंच, गंगाराम, ते बर्फाचं सांग. सांगून सांगून त्याची आता गोष्ट व्हायला लागली आहे. एकदा तर पोरांनी बसमध्ये दरोडेखोर घातले. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतो. सातवीतून शाळा सुटलेल्या माणसाचं लिहिणं आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्यावं.

बेळगाव

बहात्तरच्या दुष्काळानंतर जालन्याकडून मी मामाच्या मागं बेळगावला गेलो. मामा उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यात होता. त्यानं मलाही तिथं चिकटवलं, पण वितळलेलं लोखंड साच्यात पडताना पाहिलं की मी हातातलं टाकून दाराशी पळायचो. महिन्याभरात मुकादमानं मामाला सांगितलं, ह्याला गार जागी कुठंतरी लाव. मामानं ते अक्षरशः केलं. जनावरांच्या दवाखान्याच्या भांडारात बाटल्या धुवायचं रोजंदारीचं काम मिळालं. तिथं लसी ठेवायचं मोठं शीतकपाट होतं.

आमच्याकडच्या माणसाला बेळगाव म्हणजे नवलच. चैत्रातसुद्धा संध्याकाळी वारा गार. माती तांबडी. दुकानात मराठीत विचारावं तर उत्तर कानडीत, कानडीत विचारावं तर उत्तर मराठीत, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. थोरला भाऊ अण्णा, बहीण आक्का, वडीलमाणूस आप्पा. मी "हो"च्या जागी "हौ" म्हटलं की भांडारातले सगळे हसायचे आणि दिवसभर एकमेकांना हौ हौ करायचे. वाईट वाटायचं नाही. कुणीतरी आपली नक्कल करतंय म्हणजे आपण तिथं आहोत, एवढं तरी कळायचं.

त्या वर्षी वैशाखात निपाणीच्या बाजूला, नदीपलीकडच्या एका गावात बुळकांडी आली. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. जनावराचे डोळे गळतात, तोंड आतून सोलून निघतं, मग हगवण लागते. आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा. आज्याच्या तोंडून मी ऐकलं होतं की एका साली आमच्या गावात नांगराला माणसं जुंपली होती. तेव्हा त्या रोगाचं नाव भांडारात ऐकलं तशी मी धुवायची बाटली खाली ठेवली.

नदीच्या अलीकडच्या गावांना टोचायचं ठरलं. जीप नेमकी दुरुस्तीला गेलेली. भांडारातल्या साहेबांनी मला बोलावलं. जस्ताचा दुहेरी डबा, आत बर्फ, बर्फात लसीच्या कुप्या आणि त्या विरघळवायच्या मिठाच्या पाण्याच्या बाटल्या. साहेब म्हणाले, झाकण विनाकारण उघडायचं नाही. ऊन लागू द्यायचं नाही. डबा सोडून कुठं जायचं नाही. बर्फ संपला की औषध संपलं, मग तुझंही काम संपलं. शेवटचं ते हसून म्हणाले, पण मला हसू आलं नाही.

वाटेवर

वाहक डबा टपावर टाकायला निघाला. मी म्हटलं, वर ऊन आहे. त्यानं पुढं इंजिनाजवळ जागा दाखवली. मी म्हटलं, तिथं गरम आहे. "मग काय तुझ्या डब्याला बायकोच्या शेजारी बसवू?" असं म्हणून तो निघून गेला. मी डबा मांडीवर घेतला आणि ओला टॉवेल गुंडाळला. थोड्या वेळानं शेजारच्या म्हाताऱ्या आप्पांच्या धोतरावर पाणी ठिबकलं.

"पाव्हणं, मासं न्हेताय काय?"

मी सांगितलं, गुरांची लस आहे, बुळकांडीवरची. झालं, सगळी बस माझ्याकडं वळली. कुणाची गाय गाभण न राहता उलटत होती, कुणाच्या बैलाच्या खांद्याला गाठ होती, एका बाईची म्हैस शेजारणीला बघितली की पान्हा चोरायची. मला डॉक्टर समजून सगळे विचारत होते आणि मी आपलं "डॉक्टरांना दाखवा" म्हणत होतो. पण खरं सांगतो, छाती जरा फुगली होती. उभ्या आयुष्यात मला कुणी काही विचारलं नव्हतं.

संकेश्वरच्या अलीकडं टायर फुटलं. माणसं खाली उतरून चिंचेखाली बसली. चिंचेची सावली सरकेल तसा मी डबा सरकवत होतो. पोरं त्याचा खेळ करून माझ्यामागं सरकत होती. मघाच्या म्हाताऱ्या आप्पांनी आपलं घोंगडं सोडून डब्यावर टाकलं. मी घाबरून म्हटलं, घोंगड्यानं गरम होईल. ते म्हणाले, जे ऊब आत ठेवतं ते गारवा बी आतच ठेवतंय. सातवीपर्यंत हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

निपाणी

निपाणी डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. तंबाखूच्या वखारी दुपारच्या जेवणाला सुटल्या होत्या. डोक्याला फडकी बांधलेल्या बायका रांगेनं घरी चाललेल्या, आणि मी त्यांच्यातून शिंकत शिंकत, दोन्ही हातांनी डबा धरून. एक जण म्हणाली, नवीन दिसतंय, चार दिवसांत नाक मरंल.

डबा ज्यांच्याकडं पोचवायचा ते कांबळे डॉक्टर गावाबाहेर हमरस्त्यावरच्या नाक्यावर होते. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. त्यांची आई याच वखारींत तंबाखू झाडायची. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढलं, आणि आता त्याच घरांतली माणसं टोपी काढून मुलाला डॉक्टरसाहेब म्हणत होती. हे त्यांनी मला सांगितलं नाही. नाक्यावरच्या शिपायानं सांगितलं, तेही घरचं कौतुक सांगावं तसं.

नाका म्हणजे रस्त्यावर आडवा बांबू, आणि पुढं फिनेलमध्ये भिजवलेली पोती अंथरलेली. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जनावराचे खूर त्या पोत्यांवरून जायचे. टोचल्याचा दाखला असेल तर पुढं, नसेल तर मागं. एक व्यापारी बैलजोडी घेऊन आला होता. दाखला एका बैलाचा होता, दुसऱ्याचा नव्हता. तो म्हणत होता, सख्खं भाऊ हायत, एकाच दावणीचं. डॉक्टर त्याला म्हणाले, "मामा, तुमच्या घरात एकाला देवीची लस टोचली तर भावाला लागू होती काय?" मग त्यांनी स्वतः दुसऱ्या बैलाच्या तोंडात हात घालून हिरड्या पाहिल्या, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि जोडी परत पाठवली. व्यापारी शिव्या देत गेला. डॉक्टर साबणानं हात धुवत राहिले.

दुसऱ्या नाक्याचा माणूस सकाळी बदलीला येणार होता, तोवर त्यांना हलता येत नव्हतं. त्यांनी मला एका सोडा करणाऱ्याकडून भुशातली बर्फाची नवी लादी आणायला लावली, डबा भरला आणि म्हणाले, "तू आताच बसनं बोरगावला जा. तिथनं पुढं चालत. गावात आदगोंडा आप्पा सरपंच आहेत, त्यांना सांग सकाळी गुरं बस्तीसमोर बांधा. मी सात वाजता येतो."

आमच्याकडं बस्ती म्हणजे वस्ती. तिकडं जैनांच्या देवळाला बस्ती म्हणतात. ते गाव निम्मं जैन शेतकऱ्यांचं होतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

वेशीत

बोरगावहून डबा डोक्यावर घेऊन निघालो. वाट नदीकाठानं. दोन्हीकडं ऊस, मध्येच तंबाखूची मोकळी रानं. आमच्याकडं त्या दिवसांत विहिरीचा तळ दिसतो, इथं पाटाचं पाणी पायांवरून वाहत होतं. पण पलीकडच्या काठावर ताज्या मातीचे ढिगारे होते, वर चुना टाकलेला, आणि गिधाडं बसलेली. मी मोजायला लागलो आणि मधेच थांबलो.

गावाच्या वेशीवर कडुलिंबाचे डहाळे आडवे बांधले होते. दोन म्हातारी माणसं राखणीला बसलेली. मी सरकारी माणूस आहे म्हटलं तरी त्यांनी मला थांबवलं, घमेल्यातल्या राखेच्या पाण्यात पाय बुडवायला लावले, मग आत सोडलं. नाक्यावरची फिनेलची पोती आठवली आणि मला त्या म्हाताऱ्यांचा धीर वाटला.

आदगोंडा आप्पांनी मला त्यांच्या थोरल्या भावजयीकडं, पद्माक्कांकडं नेलं, कारण गावातलं सगळ्यांत गार घर त्यांचं. आक्का पन्नाशीच्या. नवरा वारलेला, मुलगा कोल्हापुरात शिकायला. दोन म्हशी आणि एक बैलजोडी त्या एकट्या सांभाळत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मावळतीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी जेवून घे. दिस बुडाला की आमच्यात चूल बंद."

ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. मी सवयीनं कांदा मागितला. आक्का म्हणाल्या, ह्या घरात तो कधी आलाच न्हाय, आता तुझ्यासाठी कुठनं बोलावू? आमच्याकडं कांद्याशिवाय भाकरी म्हणजे उपास. पण त्या दह्याची चव अजून जिभेवर आहे. उन्हातून आलास म्हणून त्यांनी तीनदा वाढलं, आणि सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकेपर्यंत समोर बसून राहिल्या.

मग विचारलं, डब्यात काय? मी म्हटलं, बर्फ.

त्यांचा चेहरा बदलला. पाणीसुद्धा फडक्यातून गाळून घेणारी ती माणसं, त्यांना बर्फ वर्ज्य. थिजलेल्या पाण्यात किती जीव अडकले असतील याचा हिशेब नाही, असं त्यांचं म्हणणं. मी डबा उचलून बाहेर निघालो. आक्का म्हणाल्या, "थांब. बाहेर ठेवून सकाळपतोर काय ऱ्हातंय त्यातलं?" थोडा विचार करून त्यांनी भुईमुगाच्या शेंगा ठेवायची अंधारी खोली उघडली. स्वतः हात लावला नाही, पण दारात उभं राहून सांगत गेल्या. खाली टरफलं पसर. डबा ठेव. आता वरनं टरफलं. आता ओलं पोतं. हात आखडू नको, सगळी टाक. डबा टरफलांत पुरला गेला तेव्हा त्यांनी दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, मला काय दिसलं न्हाय.

कट्ट्यावर

मी तेवढ्यावर झोपलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

तिन्हीसांजेला बस्तीच्या कट्ट्यावर गावातली माणसं जमली. सकाळच्या टोचणीला सगळे तयार होते. पलीकडच्या काठावरचे ढिगारे सगळ्यांनी पाहिले होते. आदगोंडा आप्पांनी सहज विचारलं, पाव्हणं, हे औषध करत्यात तरी कशाचं?

बसमध्ये फुगलेली छाती अजून उतरली नव्हती. बाटल्या धुता धुता भांडारात जे ऐकलं होतं ते सगळं मी सांगितलं. हा रोग आधी शेळीला देतात. शेळीला ताप चढला की तिला मारतात. तिच्या पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढतात, वाटतात, सुकवतात. तीच ही कुपीतली भुकटी. मोठ्या झोकात सांगितलं. आमच्या गावात सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, वा.

माणसं आप्पांकडं बघायला लागली. मग आप्पा म्हणाले, "म्हंजे आमची गुरं जगावी म्हणून शेरडं मारत्यात."

मी म्हटलं, थोडीच.

"थोडी म्हंजे किती, हे इचारलं न्हाय मी." ते उठले. टोपी नीट केली. "आमच्या घरांची गुरं उद्या येणार न्हाईत. डॉक्टरांना मी सांगतो, तुमी नका सांगू." एकेक माणूस उठून गेला. बाकीच्या गल्ल्यांतलेही म्हणाले, सरपंचाचीच येणार न्हाईत तर आमची कशाला. मी कट्ट्यावर एकटा राहिलो. नदीपलीकडनं एक म्हैस ओरडत होती, आणि मला वाटलं, हे गाव मी मारलं.

परत आलो तेव्हा आक्का दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी मला घोंगडं दिलं आणि त्या आत गेल्या.

बस्तीसमोर

सकाळी डॉक्टर सायकलवर आले. मी त्यांना वेशीतच गाठून सगळं सांगितलं. वाटलं होतं, मुस्काटात बसेल. ते सायकल धरून उभे राहिले.

"खोटं काय सांगितलंस?"

"काही नाही."

"मग मी तरी काय बोलू तुला," ते म्हणाले आणि दगडावर बसले.

आक्कांकडं जाऊन डबा उघडला. लादी निम्म्याहून जास्त शिल्लक होती. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दुपारपर्यंत टिकेल म्हणाले, पुढं नाही. आक्कांच्या चुलीवर गाळलेल्या पाण्यात सुया उकळायला ठेवल्या आणि आम्ही बस्तीसमोर पिंपळाखाली जाऊन बसलो. गुरांना बांधायला दावण ताणून तयार होती. दावणीला एकही जनावर नव्हतं. माणसं मात्र सगळी जमली होती, लांब लांब, भिंतींना टेकून.

डॉक्टर आप्पांशी शांतपणे बोलले. रोग नदी ओलांडेल, पाण्यातनं, गिधाडाच्या पायांतनं, कुठूनही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, तुमचं बरोबर हाय डॉक्टर. ह्या पाव्हण्यानं सांगितलं नसतं तर टोचूनच घेतलं असतं. पण कळल्यावर न कळल्यासारखं कसं करू? डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

ऊन पिंपळाच्या बुंध्यापर्यंत आलं तेव्हा पद्माक्का आल्या. त्यांच्या मागं चंद्री, त्यांची दुभती म्हैस. त्यांनी म्हैस दावणीला बांधली, बस्तीकडं तोंड करून हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्या शेरड्यांचं पाप न्हाय म्हणायला मी कोण? ते माझ्याकडं लागू दे. आजपासनं वर्षभर दूध, दही, तूप, ताक, काय बी तोंडात घालणार न्हाय. आता टोचा हिला."

आप्पा म्हणाले, वैनी, वरीस म्हंजे लई हुतंय.

"भावजी, म्हैस मेल्यावर जन्मभर सोडायचंच हुतं की."

कुणीतरी हसलं. तिथून गाव हललं. आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढून बस्तीच्या पायरीवर ठेवला, सहा महिने तूप सोडलं आणि बैल आणायला माणूस पाठवला. मग एकेक घर आलं. कुणी मीठ सोडलं, कुणी गूळ. एकानं कारलं सोडतो म्हटल्यावर त्याची बायको गर्दीतून म्हणाली, जे कधी खाल्लं न्हाय ते काय सोडताय, तंबाखू सोडा. सगळ्यांसमोर त्याला चंची पायरीवर ठेवावी लागली. एक धनगर मेंढका आपली पांढरी गाय धरून लांब उभा होता. तो म्हणाला, आक्का, आमी तर शेरडं खातोय, आमचं काय? आक्का म्हणाल्या, तुझं तू बघ. त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, ह्या रविवारी न्हाय खात.

डॉक्टर टोचत होते आणि नोंदवही माझ्याकडं होती. मालकाचं नाव, जनावर, रंग, वय, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. डॉक्टरांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, मालक जे सांगेल ते शेऱ्यात लिही, गाळू नको. गाभण आहे, खात नाही, लंगडतंय, असं त्यांच्या मनात होतं. मी आदल्या दिवसाचा घाबरलेला माणूस. काही गाळायचं नाही एवढंच डोक्यात. बर्फाची शेवटची कपची वितळेपर्यंत मी खाली मान घालून लिहीत होतो.

टोचणी संपली. आक्कांनी चंद्रीची धार काढली आणि पितळी भरून माझ्यासमोर ठेवली. मी ती मागं सरकवली. मी म्हटलं, आक्का, मीही काहीतरी सोडतो.

"तू आपलं बोलायचं सोड," त्या म्हणाल्या. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग आक्का जवळ बसल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "पी, लेकरा. बोललास ते बरंच केलंस. न बोलता टोचून गेला असतासा आणि मागनं कळलं असतं, तर कुणावर इस्वास ठेवला असता आमी?"

मी दूध प्यालो. त्या बघत होत्या. त्यांच्या म्हशीचं दूध मी पीत होतो आणि त्या पिणार नव्हत्या.

परत बेळगाव

दोन दिवसांनी भांडारातल्या साहेबांनी मला बोलावलं. समोर ती वही. म्हणाले, हे काय आहे? काळी म्हैस, वय सहा, शेरा दूध एक वर्ष. तांबडा बैल, शेरा तूप सहा महिने. आपण बैलांना तूप देतो का? आणि हे, पांढरी गाय, शेरा मटण एक रविवार?

मला उभ्या उभ्या घाम फुटला. वहीतली पानं फाडता येत नाहीत, सरकारी वही ती. साहेब ती वर पाठवणार होते. वर कुणीतरी विचारणार होतं. तेवढ्यात निपाणीहून कांबळे डॉक्टरांची चिठ्ठी आली, बहुतेक त्यांना अंदाज होता. शेऱ्यातला मजकूर माझ्या सांगण्यावरून लिहिला आहे, टोचणीची किंमत म्हणून मालकांनी जे दिलं ते त्यात आहे, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली, वहीला टाचली, आणि मला बाटल्या धुवायला पाठवलं. दुपारी चहा पिताना मात्र त्यांनी हळूच विचारलं, ती बाई खरंच वर्षभर दूध घेणार नाही? मी म्हटलं, हौ. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पावसाळ्यानंतर डॉक्टरांचं पोस्टकार्ड आलं. रोग खालच्या अंगानं सरकून गेला, त्या गावात आला नाही. चंद्रीला रेडकू झालं होतं. आक्कांच्या दारात दुधाची घागर भरून जाते आणि त्या कोऱ्या चहावर आहेत, असं शेवटच्या ओळीत होतं.

घरी

पुढं वडील थकले आणि मी गावी परतलो. आता आमच्या गावात दूधसंस्था आहे. मी तिथं सकाळ-संध्याकाळ दूध मापतो, स्निग्धांश तपासतो. संस्थेचे डॉक्टर दर वर्षी लस टोचायला येतात. आता ही लस शेळीपासून करत नाहीत, काचेच्या भांड्यातच वाढवतात, असं त्यांनी सांगितलं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आक्कांना पत्रानं कळवलंही. उत्तर मुलाच्या हातचं आलं, आई बरी आहे, तुमची आठवण काढते, तोंड अजून तसंच चालतंय का विचारते.

नमुन्याच्या बाटलीत दूध ओतताना मला रोज ती पितळी दिसते.

माझ्या म्हशीला गेल्या साली वगार झाली. अंगानं काळीभोर, कपाळावर चांदणी. ती मी विकणार नाही, बायकोला तसं सांगून ठेवलं आहे. तिचं पहिलं वेत जवळ आलं की ती मी पद्माक्कांच्या गोठ्यात नेऊन बांधणार. वाटेत नाके लागतील, पोत्यांवरून तिचे खूर जातील, तोंडात हात घालून कुणीतरी हिरड्या पाहील. पाहू दे. टोचून, दाखला घेऊनच निघेन. त्या दाखल्यावरही खाली शेऱ्याचा रकाना असतो, मी पाहून आलो आहे. आमच्या डॉक्टरांना म्हटलं आहे, तो तेवढा कोरा ठेवा, मी भरतो. त्यात लिहीन: दूध, एक वर्ष.